ताटीखालचा नेचा

आई,

आमच्या घराच्या पुढच्या पट्ट्यात मी यंदा जमिनीवर पसरणारी झाडं लावली. हे वाचून तू काय म्हणाली असतीस ते मला अक्षर न् अक्षर ऐकू येतंय, तेव्हा आधी पूर्ण ऐकून घे आणि मग काय बोलायचं ते बोल. तू गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी आम्ही वर्धा रोडच्या बाजूला एका नव्या ले-आउटमध्ये घर बांधलं. आजूबाजूचे अर्धे प्लॉट अजून रिकामे आहेत, त्यांत कमरेएवढं गवत वाढतं, आणि मी रोज दिवेलागणीच्या आधी दारांखालच्या फटी बघून घेते. तुझी नात आता दुसरीत आहे. तिला तू पाहिलं नाहीस. दिसायला ती बापावर गेली आहे, पण भीती मात्र सरळ तुझ्याकडून माझ्यात आणि माझ्याकडून तिच्यात उतरली आहे. गेल्या वर्षी काही कामाने तिच्या शाळेत गेले, तर मधल्या सुट्टीत मुली लपाछपी खेळत होत्या. सगळ्या मेंदीच्या कुंपणाआड, क्रोटनच्या मागे शिरलेल्या, आणि आमची बाई सिमेंटच्या ओट्यावर मधोमध उभी. सगळ्यात आधी तीच सापडायची, रोज. मी विचारलं, तू का नाही गं लपत? तर म्हणाली, "तिथे खाली काय आहे ते दिसत नाही." आई, ते वाक्य तुझं होतं, आणि ती तुला कधी भेटलीसुद्धा नव्हती.

तू सरकारी दवाखान्यात नर्स होतीस आणि आपण दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये, तळमजल्यावर राहत होतो. बाबा रेल्वेत, तेव्हा बल्लारशाहला बदलीवर; ते अधूनमधून यायचे, म्हणजे घरात तू आणि मी. पावसाळा लागला की तुझ्या वॉर्डात साप चावलेली माणसं यायची, उमरेडकडची, काटोलकडची, कुणी बैलगाडीत घातलेली, कुणी एसटीच्या सीटवर आडवी केलेली. तू घरी यायचीस, बादलीभर पाण्याने हातपाय धुवायचीस, आणि भाकरी थापता थापता मला सगळं सांगायचीस. शेताच्या धुऱ्यावर गवत कापणारी बाई. गोवऱ्या काढायला हात घातलेली म्हातारी. खाली अंथरुणावर झोपलेली नवी नवरी, जिला काही कळलंच नाही. मी लहान, ताटावर बसलेली, घास हातातच राहिलेला. आता मी स्वतः आई झाल्यावर मला कधी कधी तुझा रागच येतो. जेवताना पोरीला असलं कुणी सांगतं का? पण तुला ऐकवायला घरात दुसरं होतं तरी कोण. तव्यावरच्या भाकरीकडे बघत तू शेवटी म्हणायचीस, "पाय वाजवत जात जाय वं पोरी. त्याले ऐकू नाही येत, पण जमीन हालली की समजते." मग मी पाय आपटत नळावर जायची, पाय आपटत संडासाला जायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, नर्सबाईंची पलटण निघाली.

आपल्या अंगणासारखं टक्कल पडलेलं अंगण त्या लाइनीत दुसरं नव्हतं. तुझ्या लेखी जगातली सगळी झाडं दोनच जातींची. ज्याचा बुंधा दिसतो ते झाड, आणि ज्याचा दिसत नाही ती अडचण. अडचणीत साप राहतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण तू अबोलीच्या चार रोपांनाही अडचण म्हणायचीस. मुरूम टाकून, चोपून, खराट्याने झाडून तू अंगण असं ठेवायचीस की मुंगी चालली तरी दिसावी. दोन झुडपांना तेवढी परवानगी होती, एक तगर आणि एक जास्वंद, तीही गुडघ्यापर्यंत फांद्या छाटून. पाण्यातून जाताना लुगडं वर धरलेल्या बायांसारख्या त्या दोघी उभ्या असायच्या.

पचमढीच्या सहलीतून मी तो नेचा आणला तेव्हा मी सहावीत होते. शाळेच्या पुस्तकात त्याचं चित्र पाहिलेलं, आणि तिथे एका घळीत, ओल्या दगडांतून, तो खराखुरा उगवलेला दिसला तेव्हा मला राहवलं नाही. ओल्या रुमालात गुंडाळून, डब्यात घालून आणला. घरी तू डबा उघडलास, मागे सरलीस, आणि मग सांडशीने तो नेचा उचलून परातीत आपटलास. मुळांची माती सगळी परातीत सांडली, ती तू काडीने उकरून उकरून पाहिलीस. "काहून आणलं वं हे? आपल्याले अडचण कमी पडून राहिली होती का?" मी रडले. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येताना तू कुठूनतरी फुटकं घमेलं आणलंस, त्याला तारा बांधल्यास, आणि व्हरांड्यातल्या हुकाला नेचा टांगलास, इतका उंच की पाणी घालायला स्टूल लागायचं. लोकांच्या व्हरांड्यात पोपटाचे पिंजरे, आपल्या व्हरांड्यात टांगलेलं जंगल. "वरतं ठेव, मंग किती बी वाढू दे," तू म्हणालीस. त्या हिवाळ्यात तो वाढलाही.

मग उन्हाळा आला. नागपूरचा उन्हाळा तुला मी काय सांगायचा. एप्रिल संपता संपता नेच्याची पानं कडेने करपून कागदासारखी झाली, आणि त्याच सुमारास मला ताप आला. विषमज्वर. उतरायचं नावच घेईना. त्या दिवसांतलं मला फार थोडं आठवतं. खिडकीला लावलेली वाळ्याची ताटी आठवते, तिचा वास, आणि थोड्या थोड्या वेळाने तू तिच्यावर पाणी मारायचीस त्याचा आवाज. तू रजा टाकली होतीस. तुझा हात माझ्या कपाळावर असतो, तू थर्मामीटर उजेडाकडे धरून बघतेस, आणि मला आकडा सांगत नाहीस. एरवी तू आकडा मोठ्याने सांगायचीस, म्हणून मला कळतं की काहीतरी वाईट आहे. मी विचारते, "आई, माहा नेचा मेला का?" तू म्हणतेस, "नाही मेला. झोप." तुझा आवाज तेव्हा माझ्या आवाजाहून बारीक होता. तोवर मला वाटायचं, तू फक्त सापाला भितेस.

ताप उतरला. भिंतीला धरून चालता यायला लागलं तशी मी आधी व्हरांड्यात गेले. हूक रिकामा होता. माझा चेहरा पाहून तू मला मागच्या दाराशी नेलंस. ताटीचं पाणी बाहेर खिडकीखाली झिरपत होतं, आणि तिथे, तुझ्या त्या टकल्या अंगणात, मुरूम उकरून, जमिनीत नेचा लावलेला होता. हिरवागार. कोवळी पानं मुठी आवळून वर आलेली. भोवती आपोआप उगवलेली आंबुशी पसरलेली, आणि त्या ओल्या सावलीत बेडूक बसलेले. भर मे महिन्यात नेचा जगेल अशी घरात तेवढी एकच जागा होती, आणि साप गारव्याला येईल अशीही तीच. हे तुझ्याहून जास्त कुणाला कळत होतं?

मी पायरीवरून पाय खाली टाकला. तू म्हणालीस, "थांब." ओरडली नाहीस. पानं हलली आणि तो बाहेर आला. काळपट, मनगटाएवढा जाड, अजिबात घाई नसलेला. तू माझा हात सोडलास, पायरी उतरलीस आणि माझ्या पुढ्यात जमिनीवर उभी राहिलीस, अनवाणी. मला तुझी पाठ दिसत होती. माशी बसल्यावर गाईचं कातडं थरथरतं तशी ती थरथरत होती. तो तुझ्या पावलांजवळून, हातभर अंतरावरून, मोरीकडे गेला. गेल्यावरही तू कितीतरी वेळ हलली नाहीस. मी विचारलं, "विषारी होता का वं?" तेव्हा तू जे बोललीस ते मी आजवर माझ्या नवऱ्याला किती वेळा सांगितलं असेल. "मले काय माहीत? मी चावलेला माणूस पाहते. साप आजच पाहिला." आणि पायरीवर बसून तू हसायला लागलीस, आणि हसता हसता तुझे दात वाजायला लागले, त्या उन्हात.

मला वाटलं, तू संध्याकाळच्या आत तो नेचा उपटशील. शेजारच्या काकूंनीही तेच सांगितलं, वरून रॉकेल ओता म्हणाल्या. तू नाही म्हणालीस. काकूंनी कारण विचारलं तेव्हा तू त्यांच्याकडे न बघता, सुपातले गहू निवडत सांगितलंस, "मी त्याले म्हटलं होतं, तू जगला तं माही पोर जगन. आता त्याले कसं उपटू?" मी आतून ऐकलं. वॉर्डात रुग्णाच्या उशाशी गंडेदोरे ठेवणाऱ्या बायांना फैलावर घेणारी तू, माझ्या औषधाची एक वेळ न चुकवणारी तू, आणि त्या ओल्यात गुडघे टेकून, मातीत हात घालून, एका पाल्याशी बोली करून आलीस. ते क्वार्टर सोडेपर्यंत तू त्याला पाणी घातलंस. लांबून, पाय वाजवत, त्याला शिव्या देत. तुझी भीती तसूभरही कमी झाली नाही. अशा गोष्टीत मुलीला आईकडे बघून धीर येतो म्हणतात. मला आला नाही, मी आणखी घाबरले. घरातलं सगळ्यात भित्रं माणूस माझ्यासाठी तिथे हात घालून आलं, म्हणजे मी मरणाच्या किती जवळ जाऊन आले होते, ते मला तेव्हा कळलं. पुढे तू गेलीस ती हार्ट अटॅकने, तुझ्याच वॉर्डात. सापाचा काही संबंध आला नाही.

तर यंदा मृग लागायच्या आधी मी नर्सरीत गेले. ओट्यावर एकटी उभी राहणाऱ्या पोरीसाठी गेले, दुसरं कारण नाही. आमच्या ह्यांचं म्हणणं वेगळं होतं. आमची जमीन काळी, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात अशा भेगा की आत हात जावा. "तुझ्या सापाला पानं कशाला पाहिजेत? या भेगांत तो संसार मांडेल," हे म्हणाले. भेगांचा मी विचारच केला नव्हता, आणि मग कितीतरी दिवस दुसरा विचार केला नाही. नर्सरीवाल्याने मला पिवळ्या फुलांचा एक वेल दाखवला. "बाई, हे घेऊन जा. जमिनीले चिपकून पसरते. दिवाळीपर्यंत मातीच दिसणार नाही." तो हे कौतुकाने सांगत होता. मी विचारलं, माती दिसेल असं काही आहे का? तो म्हणाला, "मंग लावताच काहून?" त्याचं बरोबर होतं. शेवटी पायरीशी चिनी गुलाब घेतला, तो वीतभरही वाढत नाही आणि उन्हात फुलतो. भिंतीच्या कडेने तो पिवळा वेल. झुडपांत एक्झोरा आणि तगर. तगरीचे पाय मी उघडेच ठेवणार आहे, तेवढं तुझं चालू दे. निघता निघता नेचे विचारले तर तो म्हणाला, "फर्न? नागपुरात? कूलरखाली लावा, बाई. पाणी ठिबकते तिथंच जगते ते." मी नको म्हणून बाहेर पडले, फाटकापर्यंत गेले, आणि परत येऊन घेतले.

आता नवरात्र होऊन गेलं आहे आणि नर्सरीवाल्याचा शब्द खरा ठरला, माती दिसत नाही. बेडूक आले आहेत. पाल्यात सरडा सळसळला तरी मला घाम फुटतो. सबंध पावसाळा मुलगी व्हरांड्याच्या कडेला पाय वर घेऊन बसायची आणि नुसती बघायची. मी तिला कधी जा म्हटलं नाही. खरं सांगू? ती जात नव्हती याचं मला बरंच वाटत होतं. लावलं तिच्यासाठी, आणि देवाला रोज विनवत होते की हिने तिथे पाऊल टाकू नये.

हे पत्र कुठे जायचं नाही हे तुला आणि मला दोघींना ठाऊक आहे. तुझी आठवण दाटून आली म्हणून मी लिहायला बसले असं तुला वाटलं असेल, तर तसं नाही. आज दुपारी जेवण झाल्यावर ती आपली आपण पायरी उतरली, मला न विचारता. केव्हाची तिथे आहे. वेलातून फिरून झालं, एक्झोराच्या मागे दडून झालं, कुणी शोधत नसताना. आता कूलरखाली, नेच्यांपाशी उकिडवी बसली आहे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत, तिच्याच वहीची मधली पानं फाडून घेऊन. एक हाक मारली तर ती उडी मारून वर येईल, आणि मग पुन्हा कधी उतरायची नाही. म्हणून हात चालू ठेवला आहे. हाक घशाशी आली की मी पुढची ओळ लिहायला घेते. तुझ्यासारखं पुढ्यात जाऊन उभं राहणं मला जमत नाही, आई, मला एवढंच जमतं. तिने आता पानं बाजूला सारून आत हात घातला आहे. माझ्याकडे हे शेवटचं पान आहे, आणि तेही संपत आलं.