सरस सुटला, लाकूड शाबूत

दैगू,
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

बाबा,

तुमची तब्येत ठीक असेल. आई बरी आहे, मीही बरी आहे. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहिते. आधी घडलं ते क्रमाने:

१. शनिवारी आई तुमचं व्हायोलिन आमच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात घेऊन आली.
२. पेटी तीन वर्षांत पहिल्यांदाच उघडली गेली.
३. व्हायोलिनची मागची फळी कडेच्या पट्टीपासून अकरा सेंटिमीटर सुटलेली होती.
४. लाकडाला कुठेही तडा नाही. आत दिवा आणि आरसा घालून दोनदा पाहिलं.
५. रविवारी सरस लावून फळी परत चिकटवली. काल तारा चढवल्या. चारही तारा स्वच्छ बोलतात.

आई कुरकुरतच आली होती. "घे हे तुझ्या बापाचं. कपाटात माझ्या कोटांना जागा नाही." मग स्टुलावर बसली ती उठायचं नाव घेईना. "तेहतीस वर्षं ऑर्केस्ट्रात बसलेला माणूस, आता भावाच्या बागेत शिडीवर चढून पर्सिमनची फळं काढतोय! पडलात तर मला कळवू नका म्हणावं." जाताना तुमच्यासाठी दोन गरम बनियन ठेवून गेली. ते सोबत पाठवते.

आमच्या योम मालकांनी सुटलेल्या कडेवर बोटाने टकटक केलं आणि विचारलं, "गरम जमिनीवर कोणत्या शहाण्याने ठेवलं?" हिवाळ्यात घरोघरी जमिनी खालून तापवलेल्या असतात, तेव्हा ते प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच विचारतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत.

"मी," मी म्हटलं.

या वेळी ते थांबले.

बाबा, ऑर्केस्ट्रात राहण्यासाठी २०२२च्या डिसेंबरात दिलेल्या तुमच्या चाचणीबद्दल आपण कधी बोललो नाही. मला माहीत आहे ते एवढंच: तुमचा नंबर सातवा होता. वादक पडद्यामागे, परीक्षक पडद्यापुढे. पावलांवरूनही माणूस ओळखू येऊ नये म्हणून खाली गालिचा. तोंडातून शब्द काढायचा नाही, काढला तर बाद. संथ भागात खालची तार खरखरली. ऐकणाऱ्यांना ती खरखर सात नंबरची वाटली. दुसरं वाद्य मागायची सोय नव्हती. तुम्ही शेवटपर्यंत वाजवलंत, घरी आलात, पेटी कपाटात ठेवलीत आणि म्हणालात, "बोट गेलं माझं." निकाल लागायच्या आत राजीनामा दिलात.

दुसऱ्या कुणी आधी वाद्य तपासलं असतं. तुम्ही तपासलं नाहीत, कारण सहा महिन्यांपासून डाव्या अनामिकेला मुंग्या येत होत्या आणि तुम्ही अशाच एखाद्या दिवसाची धास्ती घेऊन बसला होतात. हे मी तेव्हाही ओळखलं होतं.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी तुमची पेटी मी काढली होती. दुकानात लागून मला चार महिने झाले होते. तारांखालच्या घोडीची उंची मोजायची होती, खरं तर मला मोजता येतं हे तुम्हाला दाखवायचं होतं. तुम्ही बाहेर होतात. मी जमिनीवर बसून मोजलं, पेटी बंद करून भिंतीकडे सरकवली आणि आईने जेवायला हाक मारली. थंडी होती, आईने जमिनीखालची उष्णता वाढवली होती. व्हायोलिन जमिनीवर ठेवायचं नाही हे आपल्या घरात मी चालायला लागायच्या आधीपासून ऐकत आले आहे.

इतकंच असतं तर ती नुसती चूक झाली असती.

सकाळी तुम्ही बूट घालत होतात. "रा-योन, पेटी दे गं, बस जाईल." मी उचलली. ती खालून कोमट होती. मला त्याच क्षणी कळलं. "थांबा, एकदा बघू द्या," एवढं म्हणायला पाच सेकंद लागले असते. मी म्हटलं नाही. तुम्ही घाबराल असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला बोलणी खायची नव्हती. मी पेटी तुमच्या हातात दिली.

बोटाच्या मुंग्या खऱ्या आहेत, त्याला डॉक्टर हवा. पण खरखर बोटाची नव्हती. लेखी देते आहे: ती सुटलेल्या फळीची होती.

योम मालकांना मी हे सगळं सांगितलं. मला वाटलं, काढून टाकतील. ते म्हणाले, "आपण सरस पातळ का लावतो?"

"ताण आला की सरस सुटावा, लाकूड फाटू नये म्हणून."

"मग सुटला ना? रडतेस काय, लाव परत."

मी रडत नव्हते. काल खालची तार छेडली, ती स्वच्छ वाजली. नंतर समोरच्या खानावळीत जाऊन दोन वाडगे शेवया खाल्ल्या. तीन वर्षांत इतकी भूक लागली नव्हती.

आईला आज सकाळी सांगितलं. ती म्हणाली, "आधी त्यांना कळव. तुला काय बोलायचं ते मी नंतर बोलेन."

तुमच्या शेजारच्या खुर्चीवरचे ब्यॉन काका आता निवृत्त होत आहेत. २२ तारखेला त्यांच्या घरी चौघांनी वाजवायचं ठरलं आहे. दुसऱ्या व्हायोलिनसाठी त्यांनी कुणालाच बोलावलेलं नाही. "त्याला सांग," ते म्हणाले, "माझ्या दिवाणखान्यात पडदा नाही. चुकला तर तोंडावर शिव्या घालीन."

व्हायोलिनच्या पोटातली, आवाज ठरवणारी उभी काठी अजून पक्की बसवलेली नाही. ज्याचं वाद्य, त्याने वाजवत राहायचं आणि मी केसाएवढी सरकवत राहायची, असंच ते काम होतं. मला तुमचे दोन तास हवेत. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका, नुसतं वाजवा.

येणार की नाही, ते कळवा. नाही असेल तरी कळवा. बुधवार, १२ नोव्हेंबरपर्यंत.

रा-योन