सुरळीच्या वड्यांची अटक

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

सुरळीच्या वड्या अजून पोलीस ठाण्याच्या आवारात आहेत! पाव किलो, वर भरपूर ओलं खोबरं. काल अंबरनाथहून कुंदासाठी घेतल्या होत्या. गुन्हा माझ्यावर, गाडी जप्त – हे समजू शकतो. वड्यांचा काय दोष? त्यांनी काही प्राशन केलं नव्हतं. हवालदाराला हे मी रीतसर विचारलं. "काका, गाडीतलं काही हलवायचं नाही," म्हणाला. आज दुपारचं ऊन बघता न्याय मिळेपर्यंत खोबरं आंबणार.

घडलं ते लिहून ठेवतो. उद्या जो तो आपल्या चवीने सांगेल.

काल कारखान्यातल्या एकाचा निरोपसमारंभ होता. दोन पेग. दोनच. परतताना घराजवळ, कात्रपच्या तोंडाशी नाकाबंदी. हवालदाराचं नाव सुदाम, छातीवर लिहिलं होतं. वय माझ्या निम्मं. नळी तोंडाशी धरून म्हणतो, "फुंका." सत्यनारायणाला मी शंख फुंकतो तेव्हा सोसायटीची कुत्री जागी होतात – मला हा शिकवणार! "अजून जोरात, काका." फुंकलं. यंत्र म्हणालं, एकशेबारा. तीसच्या पुढे गुन्हा. सुदामने जोडीदाराला हाक मारली, "अरे, काका आजचे फर्स्ट!"

मग सरकारी दवाखाना. डॉक्टरने तोंडाचा वास घेतला, सरळ रेषेत चालायला लावलं, रक्त काढायचा कंटाळा केला. अटक, जामीन, घर. लायसन ठाण्यातच. न्यायला समीर आला होता – माझा मेहुणा, कुंदाचा भाऊ. वाटेत एकच वाक्य बोलला.

"भावोजी, गेल्या वर्षी पेपरात आलेलं पत्र तुमचंच ना?"

माझंच. 'कात्रप परिसरात मद्यपी वाहनचालकांचा सुळसुळाट. पोलिसांनी नाकाबंदी करावी.' वाचकांच्या पत्राची प्रशासनाने दखल घेतल्याचं माझ्या माहितीतलं हे पहिलंच उदाहरण.

आणि आज सकाळी चौघं खाली उभी! दर रविवारी सोसायटीतली चार मुलं गाडीत घालून मी अंबरनाथला नेतो. तिथे विष्णुपंत वैद्यांच्या पडवीत त्यांच्याकडून सुभाषितं पाठ करून घेतो. याच पडवीत विष्णुपंतांनी मला संस्कृत शिकवलं. आता ते ब्याऐंशीचे आहेत म्हणून वर्ग माझ्याकडे. कुंदाने बाल्कनीतून सांगितलं, "काकांची गाडी बिघडलीय." खालून त्यांच्यातली चिमी ओरडली, "मग काका तरी बरे आहेत ना?"

कुंदाने वाळत घातलेला टॉवेल ओढून घेतला. आत येताना माझ्याकडे बघितलंही नाही.


सोमवार, १७ नोव्हेंबर

वकील केला. म्हणजे समीरने केला, मी नुसता ओढला गेलो.

उल्हासनगर, कॅम्प पाच. खाली जीन्स शिवण्याचा कारखाना, वर वकील मुकेश, पक्के सिंधी. खाली मशीनं अशी धडधडतात की अशिलाचं गुपित वकिलाला ओरडून सांगावं लागतं. जिन्यावर काज-बटण करणाऱ्या चार बायका बसल्या होत्या. माझी केस त्यांना आता माझ्याइतकीच माहीत आहे.

"बोलो साईं! कितना पिया?"

"दोन."

"मशीन एकसौबारा बोलता है. ग्लास था के बालटी?"

समीर हसला. पैसे माझे, हसणं याचं.

"सीधा रस्ता सांगतो," मुकेश म्हणाले. "गुन्हा कबूल करायचा, फाईन भरायचा, दहा मिनिटांत बाहेर. सगळे तेच करतात."

"आणि लायसन?"

"सस्पेंड. सहा महिने रिक्षाने फिरा ना! हवा लागते."

सहा महिने! गाडी खाली उभी आणि मी रिक्षात – म्हणजे चौघांचे आईबाप विचारणार. कुंदा किती वेळा बिघडवेल गाडी? एकदा कळलं की वर्ग संपला. पोरांना सदाचाराचे श्लोक घोकवणारा माणूस नळीत फुंकून पहिला आला – सोसायटीच्या ग्रुपवर याचं काय होईल ते मी बसल्या जागी लिहून देऊ शकतो, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. म्हटलं, "मी लढणार."

"तो फिर सच बताओ. रोज लेते हो?"

"प्रसंगाने."

"प्रसंग रोज येतो?"

मी म्हटलं, तुम्ही उद्धट आहात. ते म्हणाले, "साईं, इज्जत नीचे गाडी में रखके आने का. इधर जगह कम है."

गाडी ठाण्यात आहे हे सांगायचं सुचलं नाही. जिना उतरल्यावर सुचलं. माझं हे नेहमीचंच.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

कुंदा बोलत नाही. कुकरच्या शिट्ट्यांवरून आशय काढतो आहे. आज पाच झाल्या – वरणाला तीन पुरतात.


गुरुवार, २० नोव्हेंबर

मुकेशचा फोन. गडी खूश होता.

"ब्लड नहीं लिया ना? फिर तो सिर्फ मशीन बची. आप कोई दवा लेते हो? वो आयुर्वेद वाली, जिसमें थोडा अल्कोहोल रहता है?"

अरिष्टं घेतो, म्हटलं. अधूनमधून, पोटासाठी.

"बस! पार्टीत जेवण जड झालं, निघताना अरिष्ट घेतलं, तोंडात राहिलं, मशीनने तेच पकडलं. वैद्य का सर्टिफिकेट लाओ. जुन्या तारखेचं."

वास्तविक एकशेबारा गाठायला अरिष्टाच्या किती बाटल्या लागतील? तेवढ्या घेतल्या असत्या तर मी नाकाबंदीपर्यंत पोचलोच नसतो. वाटेतच कुणाच्या तरी शेतात सापडलो असतो. हे मुकेशला सांगितलं. "जज को मत सांगना," म्हणाले.

आवडलं नाही. पण नाही असंही म्हटलं नाही. वैद्य एकच – विष्णुपंत.


शनिवार, २२ नोव्हेंबर

गाडी सुटली. लायसन नाही, म्हणून समीरने चालवत आणली आणि माझ्याच जागेत मुद्दाम वाकडी लावली.

कुंदा बादली-फडकं घेऊन खाली आली. वड्यांचा डबा दोन बोटांत धरून कचऱ्याच्या पिंपात टाकला. वड्यांसाठी निरोपाचे दोन शब्द बोलायला हवे होते, पण वातावरण नव्हतं. मग तिने गाडीतला पुढचा कप्पा उघडला. त्यातून लवंगांच्या पुड्या काढल्या, एकेक करून बॉनेटवर मांडल्या. बघणाऱ्याला वाटावं दुकान लावलंय.

"एवढ्या लवंगा कशाला?"

आठवड्यातलं पहिलं वाक्य!

"घशासाठी. पाठांतर घेताना घसा बसतो."

"मुलं म्हणतात पाठ. घसा तुमचा बसतो?"

"शिकवणाऱ्याचाच बसतो."

"तुमच्या घशाचं मला सांगू नका," म्हणाली. फडकं बादलीत आपटलं, पाणी माझ्या पायजम्यावर उडालं. सॉरी नाही, काही नाही. पंचवीस वर्षांचा संसार आणि ही उलटतपासणी! निदान मुकेश फी घेऊन अपमान करतात.


मंगळवार, २५ नोव्हेंबर

कारखान्याला अर्धी रजा टाकली, सकाळी रिक्षाने अंबरनाथ. विष्णुपंत पडवीत औषधं निवडत बसले होते. सगळं सांगितलं. म्हणजे मुकेशनी रचलेलं सांगितलं.

एक गोष्ट साफ विसरलो. नाडी पाहिल्याशिवाय हा माणूस साधं चूर्णसुद्धा लिहून देत नाही. कागद मागितला तसा त्यांनी हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं. डोळे मिटले. बराच वेळ. मला वाटलं, झोपले.

"किती वाजता घेतलीस, जयदेव?"

"त्या शनिवारी रात्री, आठ-साडेआठ –"

"मी आजचं विचारतोय."

"आज चहा घेतला."

मनगट सोडलं नाही.

"हात थरथरतोय तुझा."

"वय झालं."

"वय माझं झालंय. माझा थरथरत नाही."

मी हात ओढून घेतला. विचारलं, सर्टिफिकेट देणार की नाही? तर म्हणतात, "तुझी बाटली माझ्या बाटलीत ओतू नकोस."

"तुम्ही वैद्य आहात की फौजदार?"

"फौजदाराला खोटं सांगितलंस ते समजतं. वैद्याला सांगून तुला काय मिळणार?"

उठलो. चपला घालताना एक पाय चुकीच्या चपलेत गेला. तेही बघत होते! याच पडवीत लहानपणी छड्या खाल्ल्या, तेव्हा इतका संताप आला नव्हता. नाडी म्हणे! बोटांना काय कळतं? म्हातारपणी माणसं संशयी होतात आणि त्याला शास्त्र म्हणतात. या पडवीची पायरी पुन्हा चढणार नाही. वर्ग घ्यायचा तर सोसायटीच्या हॉलमध्ये घेईन.

बाहेर रिक्षावाला म्हणाला, "काका, तब्येत बरी नाही का? घाम आलाय." त्यालाही झापलं.


मंगळवार, ९ डिसेंबर

चिमीच्या आईने लिफ्टमध्ये विचारलं, "गाडी अजून बिघडलेलीच का हो?" म्हटलं, पार्ट मिळत नाहीये. समीरला हे कळलं तर तो तीन दिवस हसेल.


शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

जिंकलो!

सर्टिफिकेट लागलंच नाही. मुकेशनी यंत्राचे कागद मागवले. यंत्राची तपासणी व्हायची मुदत माझ्या फुंकण्याआधीच उलटलेली. रक्त घेतलेलं नाही. सुदाम उल्हासनगरच्या कोर्टात उभा राहून टोपी हातात फिरवत होता. मुकेशनी त्याला विचारलं, "ही मशीन बरोबर आहे हे तुम्ही कशावरून सांगता?" तो म्हणाला, "साहेब, काकांना बघूनच कळत होतं." सगळे हसले. जजसाहेबांनी ते लिहून घेतलं नाही. सुटका. लायसन हातात.

बाहेर चहाच्या टपरीवर सुदाम समोरच आला. मी म्हटलं, "काय, आज कोण फर्स्ट?" खवचटपणा मलाही येतो. त्याने टोपी घातली. चहा अर्धा टाकून गेला.

मुकेशना म्हटलं, तुम्ही उद्धट असलात तरी कामाचे आहात.

"साईं, एक बात फुकट सांगू?"

"फुकटचं मला पचत नाही."

"तरी ऐका. मशीन की तारीख खराब थी. मशीन खराब नहीं थी."

मी त्यांचा हात न मिळवता निघालो. वकील तो वकीलच – जिंकवूनही आरोपीच ठेवतो.

घरी कुंदाला निकाल सांगितला. ती म्हणाली, "मग आता परवा रविवार." एवढंच. पोळ्या लाटत राहिली.


रविवार, ११ जानेवारी

हॉल काही मिळाला नाही, म्हणून पुन्हा पडवीच; आठ वाजता चौघं खाली उभी होती. चिमीने पुढची सीट कालच सांगून ठेवलेली. किल्ली माझ्या हातात. जिन्यापर्यंत गेलो, परत आलो. किल्ली कुंदाला दिली. म्हटलं, समीरला बोलाव, तो नेईल मुलांना विष्णुपंतांकडे.  तिने किल्ली घट्ट धरली.

सकाळी सहालाच घेतली होती मी. विष्णुपंतांकडे गेलो त्या दिवशीही घेतली होती. गेलं वर्षभर, प्रत्येक रविवारी, मुलं गाडीत बसायच्या आधी घेतली आणि तोंडात लवंग ठेवली. तेव्हा कुणी नळी धरली नाही.

कोर्टाची भीती मला कधीच नव्हती. पुढच्या रविवारी ही किल्ली परत मागेन, याची वाटते.