आबांची मशीन, तुझा पंखा

प्रिय उत्कर्षा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. आईला या वयात पत्र लिहायचं कुठलं खूळ, असं म्हणशील. पण माझ्या फोनची तऱ्हा तुला ठाऊक आहे. कानाला लावला तर काही ऐकू येत नाही, आणि स्पीकरवर टाकला तर सगळ्या वस्तीला ऐकू येतं. मेसेज करावा तर तुझं उत्तर आलं की तुझे बाबा चष्मा लावून ते मोठ्याने वाचून दाखवतात, जसं काही पेपरात आलंय. म्हणून हे केम गावच्या पोस्टात टाकतेय.

बाबा मला न्यायला कधी येणार, असं तू दर फोनला विचारतेस. सातवा संपला, ओटीभरण झालं, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, मग विचारणारच की. "इथं सगळं आहे आई, फक्त तू नाहीस," असं तू परवा म्हणालीस तेव्हा सोलरच्या खोलीच्या ओट्यावर बसलेल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी नुसतं बघू, बघू करत राहिले. आज उत्तर देते, पण आधी इथलं ऐक.

सोलरच्या बॅटऱ्या आता अगदीच थकल्यात. तू आठवीत होतीस तेव्हा बसवल्या. तोवर वस्तीला लाइट नव्हती, कारण तारा आणायच्या तर माळढोकाच्या राखीव माळावरून, आणि तो पक्षी तारांना आपटून मरतो म्हणे. मी जन्मात तो पक्षी बघितला नाही, पण त्याच्यावर राग धरून काय करू? मग सोलर बसवणाऱ्या संस्थेची माणसं आली. शेजारच्या कोंडीबा आबांनी आपलं खळं दिलं, तिथं प्लेटा उभ्या राहिल्या, बॅटऱ्यांची खोली झाली, जमिनीतून घरोघर वायर गेली. पहिला खटका कुणी दाबायचा यावरून बाप्यांची तोंडं वाकडी झाली, तर आबांनी तुलाच पुढे केलं. उजेड पडला आणि तू म्हणालीस, आई, आपल्या भिंती किती काळ्या आहेत गं! मी एकीकडे हसत होते आणि एकीकडे पदराने डोळे पुसत होते.

खोलीची किल्ली तेव्हापासून माझ्याकडे. ऊन म्हणशील तर पोतंभर, दुपारी गिरणीसुद्धा चालते. पण बॅटऱ्या काही धरून ठेवत नाहीत, तडकलेल्या माठात पाणी भरल्यासारखं होतं. संस्था कधीच बंद पडली, नंबर लागत नाही. एका सरकारी ऑफिसात विचारलं तर म्हणतात, तुमच्याकडे सोलर आहे की. दुसऱ्यात म्हणतात, आज ना उद्या तारेची लाइट येणार, जुन्यावर कशाला खर्च करता. तारेचं विचारलं की पुन्हा तो पक्षी. तुझे बाबा आता जातच नाहीत विचारायला, आणि मीही त्यांना जा म्हणत नाही.

तुझं लग्न झाल्यावर आबांना ऑक्सिजनची मशीन लागली. खडी क्रशरवर उमेदीची वर्षं गेली, ती धूळ आता छातीतून निघत नाही. दिवसा ते बरे असतात, मला 'लाइटवाली बाई' म्हणून चिडवतात. रात्री मात्र मशीन हवीच. म्हणून जेवणं उरकली की मी खोलीतून बाकी सगळ्या घरांचे खटके पाडते. माणसं अंगणात बाजा टाकून झोपतात, एकट्या आबांच्या घरी मशीन घुरघुरत असते. कुणी कुरकुर करत नाही.

तू येणार म्हटल्यावर वस्ती हरखली. रंभाकाकूंनी तर दुपटी शिवायला घेतली. पण वैशाखात पत्र्याच्या घरात ओली बाळंतीण आणि तान्हं बाळ पंख्याशिवाय राहणार कसं? मी आपल्या घरचा पंखा आणि आबांची मशीन दोन्ही लावून बघितलं. पहाट व्हायच्या आत मशीन शिट्टी वाजवून बंद पडली. आबांना हे कळलं. ओट्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, "माझी मशीन बंद ठिवा की. पोरगी म्हायेराला यायची न्हाय, तर खळं कशापायी दिलं मी? उशाला चार वाकळा द्या, बसून रात काढतो." सगळे हसले, मीही हसले.

चार दिवसांनी सकाळी चहा घेऊन गेले तर मशीनचा खटका पाडलेला. आबांचे ओठ निळे पडलेले, तोंडातून शब्द फुटेना. मशीन लावली, बऱ्याच वेळाने श्वास लागला, तेव्हा म्हणाले, "सवय करून बघत हुतो. उत्कर्षा येईस्तवर जमंल." मी वयाचा मान न ठेवता त्यांना ओरडले गं. मग बाहेर येऊन खूप रडले. मागे त्यांना पुण्याला त्यांच्या मुलाकडे नेलं होतं, पण तिथे न राहता ते परत आले. मी तुझ्याकडे नातेपुत्याला यावं, तर किल्ली तुझ्या बाबांकडे राहील, आणि त्या माणसाला कुणाला नाही म्हणता येत नाही. सगळी वस्ती उजेडात बसेल आणि आबांची मशीन मध्येच थांबेल. मला काही सुचत नाही.

म्हणून बाळा, तू येऊ नकोस. आणि एवढ्यावर भागत नाही. मी नको म्हटलं असं कळलं तर आबा ऐकायचे नाहीत, त्यांना हे तुझ्याच तोंडून ऐकू दे. रविवारी संध्याकाळी फोन कर, सगळे ओट्यावर असतात. म्हण, मला नाही यायचं त्या उन्हात, इथं कूलर आहे, सासूबाई सगळं करतात. जरा तोऱ्यात म्हण. आबांना तुझा राग आला पाहिजे, तरच ते मशीन चालू ठेवतील. मीही चारचौघांत तुला बोलेन, सासरची झाली, माहेर विसरली म्हणेन. ते मनाला लावून घेऊ नकोस. डिंक, अळीव पाठवते, बाळाच्या टाळूला तेल तेवढं तूच घाल, माझ्या वाटणीचं. आणि फोनवर रडू नकोस. सगळ्यांना ऐकू जातं.

तुझीच,
आई