अंगठा कुणी वर केला?

३ जून

नवा नाद लागलाय. माझ्यासारख्याच घरून भाषांतरं करणाऱ्या मैत्रिणीने ब्राउझरमध्ये एक बटण बसवून दिलं. दाबलं की कुठलीतरी अनोळखी वेबसाइट उघडते. कोपऱ्यात अंगठा — आवडली तर वर, नाही तर खाली. त्यावरून ते आपली आवड ओळखतं आणि पुढची पानं तशी आणतं. "तुझा पाय घरात टिकत नाही," ती म्हणाली, "निदान खुर्चीत बसून तरी भटक."

वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक अर्धवट पडलंय. पडू दे.

४ जून

एक माणूस छत्र्यांच्या मुठी जमवतो. एक बाई रोज फक्त ढग काढते, पेन्सिलीने. दोघांना अंगठा वर.

९ जून

आज काहीतरी भलतंच. आधी डोंगरातलं एका खोलीचं घर. मग एकाच माणसापुरता ओटा. मग एकट्या राहणाऱ्या बायकांचं पान. मी यातलं काहीही आवडलं म्हटलेलं नाही!

मैत्रिणीला फोन केला. "अगं, ते उगाच नाही आणत. कुणीतरी अंगठा वर करतंय. कॉम्प्युटर आणखी कोण वापरतं?"

नवरा वापरतो. बिलं भरायला.

१० जून

जेवताना नवऱ्याकडे बघत राहिले. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांवर चष्मे बसवतो, घरी आला की कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. हे कधीपासून? मामंजी गेल्यापासून? त्याआधीच? मीठ हवं असलं तरी आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना सांगतो, आई मला सांगतात.

१२ जून

'एकटं राहायला शिकताना.' सगळं वाचून काढलं. पान चांगलं होतं, हेच वाईट.

मन थाऱ्यावर नाही. माहितीपत्रकात लिहून बसले — मशीन फार थरथरत असल्यास निघून जा. कंपनीचा फोन आला. माफी मागितली.

१४ जून

राहवेना. तडक दुकानात गेले. हा एका आजोबांच्या चष्म्याचा स्क्रू बसवत होता.

"तुला वेगळं राहायचंय का?"

याने हत्यार खाली ठेवलं. "मला? मी कधीचा तुला विचारायचं टाळतोय. ते बटण दाबलं तर सगळी एकट्या बायकांची घरं. मला वाटलं, तू निघालीस."

आजोबा म्हणाले, "आधी माझा चष्मा द्या. मग सावकाश भांडा."

दोघंही हसलो. किती दिवसांनी! घरी येताना कोपऱ्यावर दोघंही एकदमच थांबलो. घरात माणसं तीन आहेत.

१५ जून

आई भाजी निवडत होत्या. विचारलं, तर मान वर न करता म्हणाल्या, "हो, मीच. तू बाहेर गेलीस की बसते. पहिल्यांदा चुकून दाबलं गेलं. ते डोंगरातलं घर आलं. मग मुद्दाम दाबायला लागले."

"इथे काय कमी आहे तुला?" हा.

"कमी काही नाही रे. आधी वडिलांच्या घरी राहिले, मग ह्यांच्या, आता तुझ्या. एकदा माझ्या घरी राहून बघायचंय."

हा चपला घालून बाहेर निघून गेला. आई तशाच भाजी निवडत राहिल्या.

१७ जून

हा आईशी बोलत नाही. मला म्हणतो, "माझं कुठे चुकलं तेवढं सांग." प्रत्येक गोष्टीत कुणाचं तरी चुकलेलंच असतं का? हे त्याला म्हणाले नाही. इथे लिहिते.

२० जून

आई एकट्याच जाऊन खोली बघून आल्या. पुलापलीकडे, शिंप्याच्या दुकानाच्या वर. जिना चढताना धाप लागली म्हणे, पण गच्ची आहे. ऐकून हा उठला, गॅसची शेगडी पुसायला घेतली. "ही घेऊन जा. तुझ्या हाताच्या सवयीची आहे." मग आत जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला.

२५ जून

आईंचं सामान लावून दिलं. चहा करते म्हणाल्या, पण आम्ही थांबावं असं काही वाटत नव्हतं त्यांना. जिना उतरताना हा मध्येच थांबला.

"आता घरात आपण दोघंच," म्हणाला. "मला भीती वाटतेय."

मी म्हणाले, "मलाही."