माझ्या वर्गातली माझी मुलगी

प्रिय ठकू,

इकडे सगळं ठीक आहे. बाबांचा गुडघा सुधारला. जिना चढताना ते कण्हतात, पण गुडघा दुखायच्या आधीपासूनच कण्हत आले आहेत, तेव्हा काळजी करू नकोस. निवृत्त झाल्यावर मी घरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या, पुस्तकं उंचीप्रमाणे लावली, आणि बाबांच्या चष्म्याची जागा ठरवून द्यायला निघाले तेव्हा त्यांनी हात टेकले. म्हणाले, तू आपली शाळेतच बरी. म्हणून आता मंगळवारी आणि शुक्रवारी मी आपल्या जुन्या शाळेत जाते. दुसरीला नवी बाई आली आहे, तुझ्याहून लहान. तिच्या वर्गातली वाचनात अडखळणारी चार-पाच मुलं घेऊन मी मागच्या बाकावर बसते. त्यांतली एक मुलगी जोडाक्षर आलं की खोकते. दर वेळी. मीही आता तिचा खोकला संपेपर्यंत थांबायला शिकले आहे.

परवा त्या बाईनं मुलांना बाक मोजायला लावलं. पट्टीनं नाही, वितीनं. सगळा वर्ग बाकांवर ओणवा. कुणाचं उत्तर नऊ, कुणाचं अकरा. एक पठ्ठ्या म्हणाला एकवीस, कारण मध्ये शिंक आल्यामुळे त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजलं होतं आणि आधीच्या विती सोडून द्यायला तो तयार नव्हता. हा गोंधळ मी पहिल्याच मिनिटाला बंद केला असता. ती मात्र सगळी उत्तरं फळ्यावर लिहीत गेली आणि मग तिनं विचारलं, बाक सारखेच, मग उत्तरं वेगळी कशी? मग खिडकीजवळचा एक मुलगा आपल्या पंजाकडे बघत म्हणाला, "आई, माझा हात लहान आहे ना, म्हणून." तो तिचाच मुलगा. मी दचकले, वर्ग नाही दचकला. तिनं त्याचा पंजा आपल्या पंजावर ठेवून सगळ्यांना दाखवला, मग शेजारच्या मुलीचा ठेवला, मग शिंकणाऱ्याचा. आणि गंमत सांगू? त्याचं ऐकून ऐकून निम्मा वर्ग तिला चुकून आई म्हणतो. ती सगळ्यांनाच ओ देते.

मधल्या सुट्टीत मी तिला विचारलं, तुझा मुलगा तुझ्याच वर्गात, लोक बोलत नाहीत? ती म्हणाली, "बोलतात की. मी सगळ्यांच्या वह्या पुढे ठेवते, बघून घ्या म्हणते. पण त्यानंही मला बाईच म्हणायचं ठरवलं, तर बाई ओरडल्या हे घरी येऊन तो सांगणार कुणाला?" मी डबा उघडला होता, तो तसाच मिटला.

तुझं चौथीचं वर्ष मला त्यानंतर सारखं आठवतं आहे. चौथीची तुकडी एकच, तेव्हा तू माझ्याकडे येणं टळणारं नव्हतं. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी तुला समोर बसवून सांगितलं की फाटकाच्या आत मी बाई, फाटकाच्या बाहेर आई. तुला तो खेळ वाटला. फाटकाशी आलीस की तू माझं बोट सोडायचीस आणि चार पावलं मागून चालायचीस. पहिल्याच आठवड्यात एक पालक माझ्यादेखत दुसऱ्या मुलीच्या आईला म्हणाली, "यंदा पहिला नंबर बाईंच्या घरातच राहणार." ते वाक्य मी असं उरात घेऊन बसले की वर्षभर त्याला उत्तर देत राहिले, आणि ते उत्तर तुझ्याकडून वसूल केलं. एका अनुस्वारासाठी तुझा अर्धा गुण कापला, तोच अनुस्वार दुसऱ्यांच्या वहीत मला दिसला नाही. फळा पुसायची पाळी सगळ्यांना आली, तुला आली नाही. तू हात वर केलास की माझी नजर तुझ्या बोटांच्या वरून पलीकडे जायची. तू वर्षभर हात वर करत राहिलीस, हे आता जास्त लागतं.

आणि ती दुपार. तोंडी हिशेब चालले होते. तू हात वर केलास, मी म्हटलं खाली घे. पुन्हा केलास. तिसऱ्यांदा केलास तेव्हा मी तुला भिंतीशी उभं केलं. तू कान धरून उभी राहिलीस, आणि मला वाटलं, ही शिक्षेची थट्टा करते आहे. अर्ध्या तासानं चित्रकलेच्या बाई कात्री मागायला आल्या. जाता जाता त्यांनी तुझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "अहो, पोर तापाने फणफणली आहे." कान आतून पिकला होता. डॉक्टर म्हणाले, सकाळपासून ठणकत असणार. संध्याकाळी तुझ्या कानात थेंब घातले, उशाशी बसले. तू डोळे न उघडता म्हणालीस, "बाई, मला पाणी देता का?" बाबांना वाटलं तापात बरळते आहेस, ते हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी हसू आवरलं. मी पाणी दिलं. बोलले मात्र काही नाही, ना त्या दिवशी, ना पुढे कधी. तू लहान होतीस, विसरली असशील, असं आजवर स्वतःला समजावत आले.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा दारात कुणी आलं आहे असं सांगून मी तो ठेवला. दारात कुणीही नव्हतं. तू म्हणालीस, नव्या वर्षी तुझ्या शाळेत तुझी पिल्लू तुझ्याच वर्गात येते आहे, आणि तू ठरवलं आहेस की मी तुझ्याशी वागले तसंच तिच्याशी वागायचं, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा नको. इतक्या अभिमानानं म्हणालीस की फोनवर तुला अडवणं मला जमलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. ठकू, तसं वागू नकोस. मी चुकले होते. बोलणाऱ्यांचं तोंड धरता येत नाही, त्यासाठी पोरीला भिंतीशी उभं करायचं नसतं. तिची पाळी आली की तिला पाळी दे, आधी नको आणि शेवटीही नको. हे वाचून तुला माझा राग आला तर येऊ दे. तेव्हा बाईंवर रागावून यायला तुला घरात आई नव्हती, आता आहे. फोन कर, रागावून केलास तरी चालेल. दोनदा लिहून फाडलं, म्हणून या वेळी पत्र पेटीत टाकायला बाबांना आधीच चपला घालून दारात उभं केलं आहे. ते कण्हायला लागले आहेत, तेव्हा थांबते.

तुझीच,
आई