साठाचा काटा

खापा, नागपंचमीचा दुसरा दिवस

चि. गुंजन हिले आजी रंभाबाईचा आशीर्वाद. वि. वि. म्हणजे विशेष काही नाही, तरी ध्यान देऊन वाच.

फोन काहून नाही केला म्हणशीन. माह्या कानाले फोन ऐकू येत नाही, तं तुही काकू त्याचा स्पीकर लावून देते, आन् मंग अख्खी गल्ली आपलं बोलणं ऐकते. शेंगा फोडाले बसलेल्या बायायचे हात थांबून जातात. म्हणून हे पत्र. तारा मास्तरीण रोज नागपूरले येणं-जाणं करते, तिच्या हाती देऊन राहिली. चौथी शिकलेली बाई हाय मी, काना-मात्रा हुकला तं सांभाळून घे, हसू नको.

तं काल जेवताना तुह्या आबाजीनं निकाल दिला. कळमन्याचं टिनाचं शेड तुहा जितेंद्रकाका मांगून राहिला, त्याले तिथं संत्र्याचे क्रेट ठेवाचे हायत. तू मांगून राहिली, तुले तिथं जुन्या जीपा दुरुस्त कराचं दुकान टाकाचं हाय. कोराडीची चांगली नोकरी सोडून पोरीनं ऑइलमधी हात घालाव, हे काकाले पटत नाही. तुह्या मायबापानं हात वर केले, म्हणे आबाजी म्हणतीन ते. तं आबाजी म्हणाले का माह्या जीपचा डॅशबोड सडला हाय, तो पोट्टीनं पोळ्याच्या आधी बदलून दाखवाव. मी स्वतः चालवून पाहीन. पसंत पडला तं शेडची चाबी गुंजनची, नाही तं जितेंद्रची.

जितेंद्र भात कालवता कालवता गालातल्या गालात हसला. ते हसणं मले आवडलं नाही, म्हणून मी तुह्या बाजूनं. उगाच लाडात येऊ नको, तुह्या कामाची मले काही खात्री नाही. लहानपणी तू माहा मिक्सर खोलला होता, तो अजून बी चटणी कमी आन् धूर जास्त काढते.

आन् एक. तुह्या आबाजीले गावात साठराव म्हणतात हे तुले मालूम हाय. माही जीप साठाच्या खाली कधी चाललीच नाही, मीटरचा काटा पाहून घ्या, असं ते पारावर बसून सांगतात. त्या काट्याची इज्जत लय मोठी हाय. बाकी काय तोडाचं ते तोड, त्याले जप.

लोभ आहे तेवढा आहे, वाढवणं तुह्या हाती.
तुही आजी

---

नागपूर, ४ ऑगस्ट २०२५

ती. आजीस गुंजनचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझं पत्र पोचलं. हसले नाही. म्हणजे मिक्सरपर्यंत नाही हसले.

आबाजींनी पाठवलेली जीप इथे अंगणात उभी आहे आणि डॅशबोर्ड पूर्ण बाहेर काढला आहे. वरचं रेक्झिन हात लावताच पापडासारखं मोडलं, खालचा पत्रा इतका सडला होता की बोट घातलं तर आरपार. मागे उंदरानं घरटं केलं होतं, संसार मांडून. त्याच्या बाजूला तंबाखूच्या खर्र्याच्या पन्न्या निघाल्या, चांगल्या मूठभर, आणि त्यातली वरची तर ताजीच वाटते. आबाजींनी खर्रा सोडला असं तू मागच्या दिवाळीत सगळ्यांना सांगत होतीस. मी काही बोलत नाही, फक्त कळवून राहिली.

नवीन पत्रा मी स्वतः कापला, वाकवला, घासला. जुन्याचाच आकार ठेवला, नाहीतर ते म्हणतील की ही माझी जीपच नाही. डिझेलचा काटा, गरमीचा काटा, दिव्यांची बटणं, सगळं जिथल्या तिथं बसेल. वायरींचा मात्र असा गुंता आहे की परवा हॉर्न दाबला तर वायपर फिरले.

आता तुझ्या त्या काट्याचं सांगते. चाकाची खबर काट्यापर्यंत आणणारी एक तार असते. ती आतून केव्हाचीच तुटली आहे, तीस वर्षं तरी झाली असतील. काटा गंजून साठावर अडकला आहे. गाडी अंगणात उभी, चाकं विटांवर, आणि काटा साठावर! आबाजींना हे माहीत आहे का वं? मी नवीन मीटर आणि नवीन तार टाकू, की जुनाच तसाच ठेवू? मला तर सगळं चालतं करूनच द्यायचं आहे. शेड मिळालं नाही तर कोराडीला परत जाऊन दिवसभर फायली सरकवायच्या.

काकूंना नमस्कार, काकांना अर्धा.
तुझीच,
गुंजन

---

खापा, राखीचा दुसरा दिवस

चि. गुंजनले आजीचा आशीर्वाद, खर्र्यापुरता कमी केलेला. पन्न्यायची गोष्ट मले कळवाची होती तं आधी कळवाची, मी रोज त्यायच्या खिशात शोधून राहिली आन् माल डॅशबोडात. विचारलं तं म्हणे उंदरानं आणल्या असतीन. उंदीर खर्रा खाते हे मले या वयात समजलं.

काट्याचं तू विचारलं. उभ्या गाडीत बी साठावर राहे म्हणते, तं उभ्या गाडीत मीटर पाहते कोण? चालत्या गाडीत पाहो, आन् चालत्या गाडीत साठ दिसे. एखांद वेळी मले बी वाटे का साठ लय हळू असते वं. एकदा खाप्याच्या पुलावर एक पोट्टा सायकलवर आमच्या पुढं निघून गेला. तुह्या आबाजीले म्हटलं तं म्हणे त्याची सायकल हलकी हाय.

माह्या मतानं तार तुटली तं नवी टाक. खरा काटा लागला तं आबाजी खुशच होतीन. जुना साठावर थांबून जाय, नवा सत्तर बी दाखवन. माणसाची इज्जत दहानं वाढली तं कोणाले नको हाय?

रंग गुलाबी देऊ नको. तुहा काही भरवसा नाही.

पत्र येऊ दे, गाडी त्याच्या आधी येऊ दे.
आजी

---

खापा, मंगळवार

चि. गुंजन, आशीर्वाद मागून देतो, आधी माह्या डोक्याले शेक देऊ दे.

तू पंधरा ऑगस्टले जीप आणून उभी केली, झेंडावंदनाचे लाडू खाल्ले आन् गॅरेजात काम हाय म्हणून चालली गेली. तू थांबाले पायजे होती. त्या दिवशी तं सगळं गोड झालं. आबाजीनं डॅशबोडावरून हात फिरवला, एकेक बटण दाबून पाहिलं, हॉर्नवर हॉर्न वाजला, दिव्यावर दिवा लागला. समोरच्या घरचे मारोतराव पाहाले आले, तं त्यायले बी आत बसवलं. मले वाटलं झालं काम.

रविवारी सकाळी चालवून पाहाले निघाले. हे चालवाले, मी बाजूले, जितेंद्र मांग. सावनेर रोडले लागलो. यायनं पाय दाबला जसा रोज दाबतात, ऐटीत, एक हात बाहीर काढून. आन् काट्याकडं पाहिलं. काटा पंचवीसवर.

काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. दुसरी मारली. मंग हात आत घेतला आन् पाय जरा दाबला, तं तो सत्तावीसवर गेला आन् तिथं पाण्यात म्हैस बसल्यावानी बसून राहिला. मांगून जितेंद्रच्या तोंडून निघून गेलं का बाबा, तुमचे साठ असे होते का? मंग लगेच भानावर आला आन् म्हणे मीटर चुकीचं बसवलं पोट्टीनं, हिले काही येत नाही.

बुडणाऱ्याले तेवढंच पायजे होतं. घरी येऊन तुह्या आबाजीनं जाहीर केलं का मीटर खोटं हाय, काम फेल हाय, पोळा झाला का शेड जितेंद्रचं. जितेंद्रनं क्रेटवाल्याले फोन बी लावला. संध्याकाळपावेतो पारावर साठरावाचे सत्ताविसराव झाले. तुह्या आबाजीनं दोन दिवसांपासून पारावर जाणं सोडलं, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं रागानं पाहतात. कोणी राम राम केला तरी वाटते का हा सत्तावीस म्हणाला.

आता माही अक्कल ऐक. तू गुपचूप ये, मी यायले दुपारी झोपवतो. तो काटा मेणानं साठावर चिकटवून दे. पाच मिनिटाचं काम. हे खुश, तुले शेड, जितेंद्रचं तोंड वाकडं. खरं-खोटं देवाच्या दारात पाहू, तिथं मीटर लागत नाही.

लवकर ये, मेण घरी हाय.
आजी

---

नागपूर, २० ऑगस्ट २०२५

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र तारामॅडमनं दिलं तेव्हा मी जीपखाली झोपून होते, ज्या गॅरेजात काम शिकते तिथल्या जीपखाली. तिथंच वाचलं आणि तिथंच थोडी रडले. ग्रीस डोळ्यात गेलं असं सांगितलं सगळ्यांना.

खोटं नाही बोलत, मनात आलं. शेड डोळ्यासमोर दिसत होतं, पाना कुठं टांगायचा हेसुद्धा ठरलं होतं. पण मी मेण लावणार नाही, आजी. मीटर बसवल्यावर मी कोराडी रोडवर मोबाईलशी ताडून पाहिलं होतं, आकड्याला आकडा जुळला. काटा खरा आहे. माझ्या हातचं पहिलं काम आणि तेच मी खोटं करून द्यायचं? मग उद्या कोणी जीप घेऊन आला तर त्याला काय सांगू, की माझ्याकडे काटे गिऱ्हाइकाच्या पसंतीनं चिकटवून मिळतात?

आणि आबाजींचा राग आला नाही मला. सत्तावीसनं चालवतात म्हणूनच तू अजून मला पत्र लिहून राहिली. काकांना शेड मिळालं तर मिळू दे. सोमवारी कोराडीच्या साहेबांना भेटते, जागा अजून भरली नाही म्हणतात.

तू चिडशील. पत्रातच चीड, फोनवर नको, काकू स्पीकर लावेल.

तुझी,
गुंजन

---

खापा, तान्हा पोळा

चि. गुंजनले आजीचा आशीर्वाद, यावेळी पुरा.

तुह्या पत्रानं मी चिडलीच. काल सकाळी पुरण वाटता वाटता तुले मनात ज्या ज्या शिव्या दिल्या त्या लिहत नाही, तारा मास्तरीण पाकीट उघडते असा माहा वहीम हाय. पण पोट्टी मेण लावत नाही तं नाही, दुसरं काही केलं पायजे. काल पोळ्याच्या दिवशी आबाजीले म्हटलं का अहो, पोट्टीचा काटा खोटा हाय ना? तं त्याले साठावर नेऊन पाहा. खोटा असन तं गाडी रोजच्यासारखीच चालन. घाबराचं काय त्यात? मी बसतो बाजूले.

हो म्हणावं तं लागलंच. त्यायचंच बोलणं होतं ते.

सावनेर रोड रिकामा होता, सगळे आपापल्या बैलायच्या मांग. तिसावर गेलो तं माहा पदर उडाला. चाळीसवर अंबाडा सुटला. तुह्या आबाजीचे दोन्ही हात स्टेअरिंगले असे चिकटले का त्यायले वेगळं मेण लागलं नसतं. पन्नासवर जीप अशी गरजली का झाडं मांग पळाले, खरंच पळाले. मी म्हटलं, दहा राहिले. बावन्नवर यायनं पाय उचलला. एका संत्र्याच्या बागेजवळ गाडी उभी केली. शिंगं रंगवलेले बैल बाजूनं निघून गेले, आरामानं. आम्ही दोघं बसून.

आन् तिथं बसल्या बसल्या माह्या डोक्यात उजेड पडला वं. माह्या भाचीच्या, वंदनाच्या लग्नाले आम्ही पोचलो तं अक्षता पडून पंगत उठली होती. मामाच्या तेरवीले पोचलो तं भांडे घासून राहिले होते. प्रत्येक ठिकाणी हे सगळ्यायपुढं सांगत का हिच्या लुगडं नेसण्यापायी उशीर झाला, मी तं साठानं आणली गाडी. माही सासू मेली तं हेच मत घेऊन मेली. आन् मी बी येडी, दरवेळी निऱ्या घाईनं करो, दरवेळी उशीर होये, आन् मले वाटे माहाच हात जड हाय. सत्तावीस! सत्ताविसानं कोणती बाई लग्नाले टाइमावर पोचन?

मी हे सगळं त्यायले तिथंच म्हटलं. आवाज जरा मोठा झाला असन, कारण बागवाला कुंपणाजवळ येऊन पाहून गेला. तुह्या आबाजीनं डॅशबोडावर दोन थापा मारल्या. मंग म्हणे पोट्टीचं काम पक्कं हाय, बावन्नवर बी डॅशबोड कुरकुरला नाही, जुना तं उभ्या गाडीत वाजे. काट्याचं म्हटलं तं म्हणे तो बी बरोबर हाय, पण आमच्या वेळचे साठ लहान होते.

संध्याकाळी तोरणाखाली मारोतरावाले बी हेच सांगतलं. मारोतरावानं मान हलवली, त्यायच्या वेळचा शेर बी लहान होता म्हणे. सत्ताविसराव नाव काही जाणार नाही, पण आता यायचा त्याच्यावर राग बी नाही.

शेडची चाबी या पाकिटात हाय, रुमालात बांधून. जितेंद्र फुगला हाय. त्याले म्हटलं क्रेट माह्या खोलीत ठेव, तुह्या बापाचा खर्रा लपवाले जागा होईन. कोराडीच्या साहेबाले भेटू नको. पहिलं गिऱ्हाईक मी, माहा मिक्सर घेऊन येतो.

आन् मेण नाही लावलं ते बरं केलं. हे एकदाच लिहतो, पुन्हा विचारशीन तं नाही म्हणीन. तो काटा आता कोणी हलवाचा नाही. परवा माह्या पुतणीच्या, चारुशीलाच्या पोरीचं बारसं हाय काटोलले. उशीर तं होईनच. होऊ दे. मी आता तोंडानं काही बोलत नाही, लुगडं आरामानं नेसतो, बाजूले बसतो आन् काट्याकडं बोट दाखवतो.

लोभ ठेव, हात धुऊन पत्र लिहत जा, मागच्यावर काळे ठसे होते.
तुही आजी
रंभाबाई