शुभयोग केंद्राचा अभेद्य पासवर्ड

२२ नोव्हेंबर १९९१
तुळशीचं लग्न झालं. आता माणसांची सुरू. मानवतमधलं पहिलं संगणकीकृत वधू-वर केंद्र 'शुभयोग', म्हणजे मी, तयार. कॉम्प्युटर आला, प्रिंटर आला, मराठी अक्षरांचं कार्ड बसलं. रिटायर झालेला विस्तार अधिकारी आता काय करणार, असं विचारणाऱ्यांनी येऊन बघावं. आलेही. सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या.

२५ नोव्हेंबर
प्रत्येक स्थळाखाली 'खासगी शेरा' लिहितो. शाळा तपासण्याची जुनी सवय.
कमलबाई, दवाखान्यातली नर्स, विधवा. शेरा: तोंडाळ. समोरच्याला खरं सांगते. जमणे अशक्य.
चंद्रभान, पाथरी, माझ्या बायकोचा, म्हणजे कुसुमचा, धाकटा भाऊ. शेरा: आळशी. घोरतो. चाळिशी आली तरी आईला विचारून शर्ट घेतो. मनाचा चांगला, पण त्याचा उपयोग काय?
हे शेरे बाहेर गेले तर गाव सोडावं लागेल. म्हणून पासवर्ड.

२६ नोव्हेंबर
पासवर्ड बायकोच्या नावाचा ठेवला. कुसुम खूश. नंतर मासिकात लेख वाचला: घरच्यांची नावं ठेवू नयेत, चोर आधी तीच टाकून बघतो. लगेच बदलला. कुसुम म्हणाली, "इतकी वर्सं संसार केला, आन् आता माझं नाव कच्चं पडलं व्हय?" शास्त्रीय कारण समजावलं. तिने समजून घ्यायचं नाही असं ठरवलेलं होतं.

३ डिसेंबर
समोरच्या हॉटेलवाल्या बन्सीधरने पासवर्ड म्हणजे काय ते विचारलं. विश्वासातला माणूस, म्हणून उदाहरणादाखल अर्धाच सांगितला. संध्याकाळी हॉटेलातली गिऱ्हाइकं मला 'अर्धा पासवर्ड' म्हणायला लागली. पुन्हा बदलला.
या वेळी लेखाप्रमाणे अक्षरं, आकडे, चिन्हं, अर्थ शून्य. कुठेही लिहू नये, असं लेखात आहे. चिठ्ठी चुलीत टाकली. इथेही लिहीत नाही. माझ्या स्मरणशक्तीचा प्रश्नच नाही. तालुक्यातल्या सगळ्या मुख्याध्यापकांची नावं अजून पाठ आहेत.

९ डिसेंबर
सेलूच्या लग्नाहून परत. कॉम्प्युटर सुरू केला. तो पासवर्ड मागतो. मी देतो. तो घेत नाही. मशीनमध्ये बिघाड.

११ डिसेंबर
बिघाड कायम. मुख्याध्यापकांची नावंही टाकून पाहिली. फ्लॉपीवर प्रत आहे, पण कॉम्प्युटर उघडत नसेल तर फ्लॉपी घालायची कुठे? लेखात हे नाही. लेखक अर्धवट.
देवगाव फाट्याचे व्यंकटराव मुलासाठी स्थळं बघायला आलेत. त्यांना म्हणालो, डेटा संपूर्ण सुरक्षित आहे. ते म्हणाले, "आमचं पोरगं आतमधी अडकलंय का काय?" अडाणीपणाला उत्तर नसतं.

१४ डिसेंबर
परभणीहून मेकॅनिक आणला. त्याने झाकण काढलं, आतली छोटी बॅटरी काढली, जरा वेळाने परत लावली. पासवर्ड गायब! अभेद्य पासवर्ड! मशीन तंत्रज्ञानाच्या दृष्टीने कच्चं आहे, हे माझं मत आधीपासून होतं.
यंत्रणा पूर्ववत झाली, हे सांगायला बन्सीधरकडे गेलो. सांगण्यात थोडा वेळ गेला. परत आलो तर प्रिंटर किरकिरत होता. मेकॅनिक म्हणाला, "चालतोय का न्हाई पाह्यलं, साहेब. फस्क्लास हाय."
सगळी फाईल. शेऱ्यांसकट. कागदाची पट्टी टेबलावरून ओसरीत गेलेली, आणि ओसरीत जमलेल्या सगळ्यांना पुन्हा आलेले व्यंकटराव ती मोठ्याने वाचून दाखवत होते. पानं फाडून ज्याने त्याने नेली.

१५ डिसेंबर
चंद्रभानचं पान कुसुमच्या हाती लागलं आहे. दिवसभरात एकच वाक्य: "दिवाळीचा शर्ट त्यानं सवताच्या पसंतीनं घेतला व्हता."

१९ डिसेंबर
कमलबाई आली. मी आधीच सांगून टाकलं की शेरे मशीन आपोआप लिहितं. ती म्हणाली, "मग मशीन लय खरं बोलतंय." तिने चंद्रभानचं पान वाचलं होतं. म्हणाली, "पहिल्याच्या वक्ताला कागदावर समदे गुण व्हते. घरात गेल्यावर एकबी सापडला न्हाई. ह्याचे दोष तरी आधी कळले. घोरला तर घोरू द्या. मनाचा चांगला हाय, हे खरं हाय का?"
मी म्हणालो, माहिती गोपनीय आहे. ती स्वयंपाकघरात कुसुमकडे गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली, तेव्हा दोघींचे डोळे ओले होते आणि पाथरीला कधी जायचं ते ठरलेलं होतं. केंद्रप्रमुखाला कोणी विचारलं नाही.

१६ फेब्रुवारी १९९२
पौष संपला, चंद्रभान-कमलबाईचं लग्न झालं. चंद्रभान नवा शर्ट घालून सगळ्यांना पाणी देत फिरत होता. त्याचंच लग्न आहे, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. कमलबाई मोकळेपणाने हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. शुभयोगचं पहिलं यश. माझ्या नियोजनाचा भाग.

२ मार्च
नवा, आणखी कडक पासवर्ड ठेवला आहे. केंद्रात मात्र कोणी येत नाही. ज्यांनी पानं नेली होती, त्यांनी ती बन्सीधरकडे आणून दिली आहेत, आणि स्थळं बघायला लोक तिकडेच जातात.
मीही चहाला गेलो. शेजारच्या अनोळखी माणसाने एक पान पुढे केलं. म्हणाला, "वाचा. बाकी बायोडाटात समदी देवमाणसंच राहतात, ह्यात खरं लिव्हलंय. कोणीबी लिव्हलं आसंल, मानूस लय हुशार."
मी नम्रपणे घसा खाकरला. तेवढ्यात बन्सीधर गल्ल्यावरून म्हणाला, "आवो, ते समोरच्या पासवर्डवाल्यानंच लिव्हलंय."
माणसाने माझ्या हातातलं पान काढून घेतलं, नीट घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "कायबी सांगता राव. त्याला कुठं एवढी अक्कल?"